बचावपटू घडते कशी

मुलगी फुटबॉल खेळायला लागली की घरात एकच प्रश्न निघतो: यातून पुढे काय? प्रश्न रास्त आहे. कबड्डी, खो-खो आपल्या ओळखीचे. गल्लीतली एखादी ताई विभागापर्यंत खेळून आलेली असते, तिच्या आईला विचारलं की सगळं कळतं. फुटबॉलचं तसं नाही. हसनाबादसारख्या गावात मुलींच्या फुटबॉलबद्दल विचारायचं कुणाला, इथूनच अडतं. त्यातून मुलगी मागे उभी राहून खेळणारी, म्हणजे बचावपटू असेल, तर ती मैदानात नेमकं करते काय, हेही बघणाऱ्याला पटकन उमगत नाही. गोल करणारीसाठी टाळ्या वाजतात. गोल होऊ न देणारीचं काम डोळ्यांत भरत नाही.

म्हणून आज आपण एका बचावपटूची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहू. खेळाडू जर्मनीची आहे, नाव निया क्युन्त्सर. तिची निवड मी मुद्दाम केली. तिने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल केला, पण तिच्या गुडघ्यातला बंध चार वेळा तुटला. ती शिकली, तिने नोकरी केली, आणि आज तिच्या देशाचं मुलींचं फुटबॉल तीच सांभाळते. कुठे कुठे घसरायला होतं आणि घसरल्यावर काय करायचं, हे तिच्या वाटेवरून जाताना चांगलं कळतं. जिथे गरज पडेल तिथे थांबून आपल्या गावाचंही बोलू.

आधी काम समजून घेऊ

फुटबॉलमध्ये एका संघाच्या 11 जणी असतात. गोलकीपर एक. तिच्या पुढे बहुतेक संघ चार बचावपटू लावतात: दोन मधोमध, दोन बगलांना. मधल्या दोघी उंच, डोक्याने चेंडू परतवणाऱ्या. बगलेच्या दोघी चपळ, वेळ आली की पुढे धावणाऱ्या.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे समजायला जड नाही. चढाईला कुणी आली की आपण साखळी धरतो. साखळीतली एक जण उतावीळपणे पुढे गेली की साखळी तुटते आणि त्याच फटीतून चढाई करणारी निसटते. फुटबॉलमधल्या चौघींचंही असंच आहे. हात धरलेले नसतात, एवढाच फरक. एक डावीकडे सरकली की चौघींनी डावीकडे सरकायचं, एक पुढे आली की चौघींनी पुढे यायचं.

ही रांग सरळ ठेवण्यामागे एक नियम आहे, ऑफसाइडचा. समोरच्या संघाने चेंडू पुढे मारला त्या क्षणी, आपल्या अर्ध्या मैदानात उभी असलेली त्यांची खेळाडू चेंडूपेक्षाही पुढे आणि आपल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही पुढे असेल, तर ती ऑफसाइड जागी धरली जाते. तिने तिथून खेळात भाग घेतला की पंच खेळ थांबवतात. शेवटची बहुतेक वेळा गोलकीपर असते, म्हणून शेवटून दुसरी म्हणजे सर्वांत मागची बचावपटू. आता बघा, चौघींपैकी एकच जण दमून दोन पावलं मागे रेंगाळली, तर समोरची खेळाडू नियमात बसते. चूक एकीची, गोल सगळ्यांवर. नव्या संघात सर्वांत जास्त गोल असेच होतात, आणि ओरडा मात्र गोलकीपरला बसतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे चेंडूवर झेप घेणं. समोरून मुलगी चेंडू घेऊन आली की नवखी बचावपटू थेट पाय घालते. समोरचीने नुसता खांदा हलवला तरी ही फसते आणि मागे पडते. शिकायचं असतं ते थोपवून धरणं: दीड हात अंतर ठेवायचं, अंग थोडं आडवं, गुडघे किंचित वाकलेले, नजर चेंडूवर, आणि हळूहळू मागे सरकत समोरचीला कडेच्या रेषेकडे न्यायचं. रेषा आपली जादा खेळाडू असते. समोरचीकडून चेंडू जरा लांब गेला की मग पाय घालायचा. यात दिसायला पराक्रम काहीच नाही. म्हणूनच हे शिकवायला वेळ लागतो.

मैदान मिळणं

नियाचा जन्म 1980 चा, आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशातला. आईवडील तिथे विकासकामासाठी गेले होते. तिचं मधलं नाव त्सोलोफेलो. तिकडच्या सेत्स्वाना भाषेत त्याचा अर्थ आशा. पुढे कुटुंब जर्मनीतल्या वेत्सलार गावी आलं. तिथल्या एका बालग्रामात आईवडील इतर मुलांनाही सांभाळत, आणि त्या भरल्या घरात निया वाढली.

जर्मनीत गावोगाव क्रीडा मंडळं असतात. सभासदांच्या वर्गणीवर चालतात, शिकवणारे बहुतेक गावातलेच, संध्याकाळी कामावरून येऊन वेळ देणारे. लहान मुली तिथे मुलांच्या संघातून खेळतात. बचावपटूसाठी हे फार मोलाचं. अंगाने भारी आणि पायाने वेगवान मुलांना थोपवायची सवय वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी लागली, की पुढे मुलींच्या सामन्यात घाई होत नाही.

पण जर्मनीतही हे आयतं मिळालेलं नाही. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने 1955 साली मुलींच्या फुटबॉलवर बंदी घातली होती. हा खेळ बाईच्या शरीराला आणि मनाला झेपणारा नाही, असं कारण दिलं गेलं. कुठल्याही मंडळाने मुलींना मैदान द्यायचं नाही, पंचांनी त्यांच्या सामन्याला जायचं नाही. बंदी उठली 1970 मध्ये, तीही अटींसह: सामना आखूड, चेंडू लहान. जर्मन मुलींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला 1982 मध्ये. 1989 मध्ये त्यांनी युरोपचं विजेतेपद पटकावलं, तेव्हा महासंघाने बक्षीस म्हणून प्रत्येकीला कॉफीच्या कपबशांचा संच दिला. आज जग जिला बलाढ्य म्हणून ओळखतं, त्या टीमचं हे कालपरवाचं दुखणं आहे. आपल्याकडे मैदानात मुली दिसल्या की जे ऐकू येतं, ते तिकडेही ऐकू येत होतं.

आपल्या गावात मोठी अडचण येते ती बाराव्या-तेराव्या वर्षी. तोवर मुलगी भावांबरोबर बिनधास्त खेळते. मग कुणीतरी म्हणतं, आता मोठी झाली. घरात कुणी बंदी घालत नाही, पण हळूहळू तिचं मैदानात जाणं कमी होतं आणि एक दिवस बंदच पडतं. हे टाळायला एक साधी गोष्ट उपयोगी पडते: दोघी-तिघींना मिळून पाठवा, वेळ ठरवून द्या, आणि पहिले काही महिने घरातलं कुणीतरी मैदानाच्या कडेला बसा. सोबत एखादी ताई खेळत असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत सराव तुटतो, त्याला इलाज नाही. पण त्या दिवसांतही घरामागे भिंतीवर चेंडू मारून तो दोन्ही पायांनी अडवायचा, एवढं रोज वीस मिनिटं झालं तरी पाय विसरत नाही. चेंडू घेताना बारा वर्षांखालच्या मुलीसाठी 4 नंबरचा घ्या, त्यापुढे 5 नंबरचा.

शाळेपासून राज्यापर्यंत

आपल्याकडे गावोगाव मंडळं नाहीत, म्हणून आपली वाट शाळेतून जाते. शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. हसनाबादच्या शाळेसाठी तालुका भोकरदन, जिल्हा जालना, विभाग छत्रपती संभाजीनगर. सुब्रतो चषक म्हणून शाळांची एक जुनी राष्ट्रीय स्पर्धा आहे, तिच्यात 17 वर्षांखालील मुलींचाही गट आहे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना, म्हणजे पीटीच्या सरांना, या दोन्हींबद्दल शाळा उघडताच विचारा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात विचारून काही होत नाही, कारण खेळाडूंची नोंदणी आधीच करावी लागते.

या टप्प्यावर सर्वांत जास्त मुली मागे पडतात त्या खेळामुळे नव्हे, कागदांमुळे. जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळेच्या निर्गम उताऱ्यावर दुसरी. आधारवर नाव एका पद्धतीने लिहिलेलं, दाखल्यावर वेगळं. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मतारखेची कसून तपासणी होते. पुढे क्लबकडून खेळायचं झालं तर भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणीत हीच माहिती जाते आणि तिथे एकदा चुकीची तारीख गेली की दुरुस्तीला फार फिरावं लागतं. म्हणून मुलगी पाचवीत असतानाच सगळे कागद जमिनीवर मांडून एकमेकांशी ताडून बघा. एक-दोन वर्षं वय कमी दाखवण्याचा मोह कुणी घातला तर बळी पडू नका. उघड झालं की खेळण्यावर बंदी येते, आणि ती मुलीवर येते, सल्ला देणाऱ्यावर येत नाही.

राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलीला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळू शकतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. दोन्हींच्या अटी वेळोवेळी बदलतात, कोणती स्पर्धा धरली जाते हेही ठरलेलं असतं. त्यामुळे प्रमाणपत्र हातात पडलं की ते धरलं जातं का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्याच वर्षी विचारून ठेवा. चार वर्षांनी नोकरीच्या अर्जाच्या वेळी विचारायला गेलो की सही करणारे बदललेले असतात.

क्लब

निया 1997 मध्ये, सतराव्या वर्षी, फ्रँकफुर्ट शहरातल्या संघात गेली. पुढच्या काळात त्याच संघातून 1. एफएफसी फ्रँकफुर्ट हा मुलींचा स्वतंत्र क्लब उभा राहिला. तिथे ती 2008 पर्यंत राहिली. त्या वर्षांत क्लबने जर्मनीचं विजेतेपद सात वेळा मिळवलं, आणि युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, तेव्हाचा यूएफा महिला चषक, तीनदा जिंकला: 2002, 2006 आणि 2008.

एवढं असूनही त्या काळी पोट भरेल एवढा पैसा त्या खेळात बहुतेकींना मिळत नव्हता. दिवसा शिक्षण किंवा नोकरी, संध्याकाळी सराव. नियाने गीसन शहरातून शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. आता परिस्थिती सुधारली आहे, पण जर्मनीच्याच मारिना हेगेरिंग या बचावपटूने अलीकडच्या काळातही स्थापत्य अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं. हेगेरिंगच्या टाचेची दुखापत अनेक वर्षं बरी झाली नव्हती. ती राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळली तेव्हा 28 वर्षांची होती. दरम्यान हातात शिक्षण होतं, म्हणून ती वाट पाहू शकली.

आपल्याकडे इंडियन विमेन्स लीग ही राष्ट्रीय स्पर्धा 2016-17 पासून सुरू आहे. महाराष्ट्रातलं फुटबॉल वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, ही संघटना पाहते. 2018-19 च्या हंगामात कोल्हापूरचा संघ त्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळला होता, म्हणजे पुण्या-मुंबईबाहेरूनही ही वाट जाते.

क्लबने बोलावलं की घरच्यांनी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार? राहण्याची सोय कुठे, आणि तिथे मुलींसोबत जबाबदार बाई कोण आहे? आणि हंगाम संपल्यावर दुसऱ्या क्लबकडे जायला मुलगी मोकळी असेल का? पैसे किती, हा प्रश्न आपण पहिला विचारतो. तो चौथा विचारला तरी चालेल.

गुडघा

इथे जरा थांबू. बचावपटूच्या कारकिर्दीत सर्वांत जास्त नुकसान याच जागी होतं, आणि आपल्याकडे याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे जुळतात तिथे, सांध्याच्या आत, दोन बळकट पट्ट्या एकमेकींना छेद देऊन असतात. त्यांना बंध म्हणू. पुढच्या बंधाला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि पाय टेकलेला असताना सांधा पिळवटू नये, हे त्याचं काम. बचावपटूचा सगळा खेळच थांबण्याचा, वळण्याचा आणि उडी मारून एका पायावर उतरण्याचा, म्हणून हा बंध सतत ताणाखाली असतो. सारखेच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये हा बंध तुटण्याचं प्रमाण दोन-तीन पट आढळतं. बहुतेकदा कुणी लाथ मारलेली नसते. धावता धावता पाय रोवला, अंग वळलं, गुडघा आत झुकला आणि गेला.

ओळखायचं कसं? मुलगी सांगते की आतून कट्कन आवाज आला. काही तासांत गुडघा टम्म फुगतो. मग आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते, चालता येतं, आणि सगळ्यांना वाटतं बरं झालं. हीच ती फसवी वेळ. सरळ चालताना या बंधाची फारशी गरज लागत नाही, वळताना लागते. सूज उतरली म्हणून मैदानात गेलेल्या मुलीचा गुडघा पहिल्याच वळणाला निसटतो आणि आतली गादी, म्हणजे हाडांमधली मऊ चकती, तीही फाटते.

फुगलेल्या गुडघ्याला जोरजोरात तेल चोळू नका. ओढून बसवून देणाऱ्याकडे नेऊ नका. तुटलेला बंध ओढून बसत नाही. बर्फ कापडात गुंडाळून ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा, आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. ते हाताने तपासून बऱ्याचदा ओळखतात, खात्रीसाठी एमआरआय सांगतात. पुन्हा खेळायचं असेल तर बहुतेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. शरीरातलाच एक स्नायूबंध काढून तुटलेल्याच्या जागी बसवतात.

त्यानंतरचा काळ खरा कसोटीचा. आधी सूज घालवायची आणि गुडघा पूर्ण सरळ करायचा. मग मांडीचं बळ परत आणायचं, दुखावलेला पाय दुसऱ्या पायाच्या बरोबरीला येईपर्यंत. मग सरळ धावणं, मग वळणं, मग चेंडू, आणि सर्वांत शेवटी अंगाला अंग भिडणारा सामना. निदान नऊ महिने. त्याआधी परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसतं. आपल्याकडे शस्त्रक्रियेला पैसे उभे केले जातात, उसनवारी होते, दागिना मोडला जातो, आणि व्यायामाला मात्र दोन आठवड्यांनी सुट्टी मिळते. फिजिओथेरपी, म्हणजे दुखऱ्या अवयवाला शास्त्रशुद्ध व्यायाम देणं, हा उपचाराचा अर्धा भाग आहे. रोज शहरात जाणं परवडत नसेल तर महिन्यातून दोनदा जाऊन व्यायाम लिहून आणा आणि घरी करून घ्या.

नियाला या फेऱ्यातून चार वेळा जावं लागलं. चार वेळा शून्यापासून चालायला शिकायचं, चार वेळा संघातली जागा दुसरीला दिलेली बघायची. तिच्या नावापुढे राष्ट्रीय संघाचे 34 सामने आहेत. त्याच काळातली तिची क्लबमधली सोबती, बचावपटू श्टेफी जोन्स, 111 सामने खेळली. पण गुडघ्याने तिलाही सोडलं नाही. 2003 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध तिचा हाच बंध तुटला आणि ती स्पर्धेबाहेर गेली.

ही दुखापत पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येते. जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, सरावाआधी करायचा वीसेक मिनिटांचा व्यायाम तयार केला आहे. त्याला 11 प्लस म्हणतात. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या सुमारे 1,900 मुलींवर याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होत्या. याला यंत्रं लागत नाहीत. हळू धावणं, कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून फळीसारखं ताठ राहणं, गुडघ्यांवर बसून, मागून मैत्रिणीने घोटे धरलेले असताना, हळूहळू पुढे झुकणं, एका पायावर तोल, बैठका, आणि उड्या. उडीवरून उतरताना एकच गोष्ट बघायची: गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत असावा, आत झुकू नये. ही एक सवय सरांनी लावली तरी पुष्कळ झालं.

आपल्या भागात जमिनीचंही बघावं लागतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाय अडकतो. पावसात तीच माती बुटाला चिकटते आणि पाय वळायचा तिथे वळत नाही. सरावाआधी मैदानावर एक चक्कर मारून भेगा आणि खडे बुजवायचे, चिखल असेल त्या दिवशी वळण्याचे व्यायाम करायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी वडिलांना सांगायला मुली लाजतात. खेळणाऱ्या मुलीची पाळी काही महिने थांबली, तर ते बहुतेकदा खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असतं. अशा मुलीची हाडं अशक्त होतात. तिला डॉक्टरांकडे न्या, आणि ताटात भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे, गूळ वाढवा.

बाकावरची वाट

आता 2003 सालाकडे येऊ. विश्वचषक अमेरिकेत होता. निया संघात होती, पण पहिल्या अकरात नव्हती. बाकावर बसणं म्हणजे नापास होणं, असं आपण समजतो. खरं तर 90 मिनिटं डोळ्यांनी खेळणं हे वेगळं काम आहे: समोरची कुठल्या बाजूला वळते, उंच चेंडूला कोण चुकते, हे टिपून ठेवायचं.

12 ऑक्टोबर 2003, कॅलिफोर्नियातलं कार्सन. अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत स्वीडन 1-0 ने पुढे होतं. दुसरा डाव सुरू होताच मारेन माइनर्टने बरोबरी साधली. 88व्या मिनिटाला प्रशिक्षक टीना थॉयने-मायर यांनी नियाला मैदानात पाठवलं. सामना जादा वेळेत गेला. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता: जादा वेळेत जो पहिला गोल करील तो जिंकला, खेळ तिथेच संपला. 98व्या मिनिटाला जर्मनीला फ्री किक मिळाली, म्हणजे समोरच्या चुकीबद्दल थांबलेल्या चेंडूला मोकळी किक. रेनाते लिंगोरने चेंडू उंच टाकला, निया सगळ्यांच्या वर उठली आणि डोक्याने तो जाळ्यात घातला. जर्मनीचा मुलींचा पहिला विश्वचषक.

आपण विचाराल, मागे खेळणारी तिथे पुढे कशी? असा थांबलेला चेंडू उंच येणार असतो तेव्हा संघ डोक्याने चांगलं खेळणाऱ्या मागच्या मुलींना मुद्दाम पुढे पाठवतो, आणि त्यांच्या जागी चपळ मुली मागे थांबतात. म्हणून बचावपटूने डोक्याने मारणं शिकायलाच हवं. कपाळाच्या वरच्या सपाट भागाने मारायचं, डोळे उघडे, मान ताठ. चेंडू टाळूवर घेतला की डोकं दुखतं आणि मुलगी पुढच्या वेळी घाबरते. लहान मुलींना हे हलक्या चेंडूने, थोडंच शिकवावं.

तो गोल जर्मनीत त्या वर्षीचा सर्वोत्तम गोल ठरला. हा मान मिळवणारी निया पहिली स्त्री. मला मात्र बचावाच्या दृष्टीने पुढचा, 2007 चा विश्वचषक जास्त शिकवणारा वाटतो. त्या संघात निया नव्हती. चीनमधल्या त्या स्पर्धेत जर्मनी सहा सामने खेळली आणि तिच्यावर एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यात मागे केर्स्टिन श्टेगेमान, आनिके क्रान, आरियाने हिंग्स्ट आणि लिंडा ब्रेसोनिक होत्या. ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी, म्हणजे फक्त गोलकीपर समोर असताना मारायची किक, गोलकीपर नादिने आंगेररने अडवली, आणि जर्मनी 2-0 ने जिंकली. जमलं तर मुलीला मोबाइलवर त्या सामन्याचे तुकडे दाखवा. फक्त चेंडूकडे बघू नको, या चौघींमधलं अंतर बघ, असं सांगा.

जर्मन मुली आपल्या राज्यातही खेळून गेल्या आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर जर्मनीने ब्राझीलला 2-0 ने हरवलं, आणि 30 तारखेला तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात 3-3 बरोबरीनंतर पेनल्टीवर नायजेरियाकडून हार पत्करली. त्याच स्पर्धेत आपल्या मुलींवर तीन सामन्यांत 16 गोल झाले. त्या मुलींना दोष देणं मला पटत नाही. समोरच्या मुली सहाव्या-सातव्या वर्षापासून दर आठवड्याला सामने खेळत आलेल्या, आपल्या मुली शिबिरातून एकत्र आलेल्या. बचाव ही शिबिरात पाठ होणारी गोष्ट नाही, ती सामन्यांतून अंगात मुरते. जुलै 2025 मध्ये आपल्या मोठ्या संघाने थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवून पात्रता फेरीतून आशियाई चषक गाठला. असं पहिल्यांदाच घडलं.

बूट काढल्यावर

नियाने 2008 मध्ये खेळ थांबवला, तेव्हा ती 28 वर्षांची होती. पुढे ती जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर सामन्यांचं विश्लेषण करू लागली, सोबत सरकारी प्रशासनात नोकरी केली. जानेवारी 2024 पासून ती जर्मन फुटबॉल महासंघात महिला फुटबॉलची क्रीडा संचालक आहे. शिक्षणशास्त्राची पदवी, प्रशासनाचा अनुभव आणि चार वेळा तुटलेला गुडघा, हे सगळं त्या खुर्चीत उपयोगी पडतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या अंजू तुरंबेकर यांचं घ्या. बेकनाळ या खेड्यातल्या त्या. महाराष्ट्राकडून खेळल्या, प्रशिक्षक झाल्या, भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलामुलींच्या फुटबॉलचा, म्हणजे ग्रासरूटचा, विभाग त्यांनी सांभाळला आणि पुढे गोव्याच्या डेम्पो क्लबमध्ये युवा खेळाडूंच्या जडणघडणीची जबाबदारी घेतली.

प्रशिक्षक होण्याची पहिली मोठी पायरी म्हणजे डी लायसन्स. वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली की काही दिवसांचा हा अभ्यासक्रम करता येतो. तारखा राज्य संघटनेकडे विचाराव्या लागतात. बारावीनंतर सामने कमी झालेल्या मुलीने तो केला, तर तिला गावात लहानग्यांना शिकवता येतं. अशी मुलगी गावात असली की पुढच्या आईला विचारायला एक घर मिळतं. आणि पंच म्हणूनही मुली हव्या आहेत. ऑफसाइडची रेषा वर्षानुवर्षं राखलेल्या बचावपटूला कडेला झेंडा घेऊन तीच रेषा बघायला फारसं अवघड जात नाही.